लहान चणीचे बाळ आणि वाढ खुंटलेले बाळ: कळा कधी सुरू कराव्यात?

छत्तिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफी रिपोर्टवर अंदाजे वजन 2,200 ग्रॅम आणि त्यापुढे सहावे पर्सेंटाइल असे छापून येते, आणि घरी पोहोचेपर्यंत त्याचे "बाळ बारीक आहे" एवढेच उरते. मग कोणी म्हणते, दिवस भरू द्यावेत, पोटात जितके राहील तितके वाढेल. कोणी म्हणते, पोटात वाढत नसेल तर बाहेर काढून वाढवावे, आजच कळा सुरू करून घ्याव्यात. दोन्ही सल्ल्यांत तथ्य आहे, फक्त ते दोन वेगळ्या बाळांबद्दलचे आहेत. पहिला बऱ्याच अंशी लहान चणीच्या निरोगी बाळाला लागू पडतो आणि दुसरा वाढ खुंटलेल्या बाळाला. रिपोर्टवरच्या त्या एकाच आकड्यामागे या दोघांपैकी कोणीही असू शकते, ही खरी अडचण आहे.

गर्भवयाच्या मानाने लहान, म्हणजे रिपोर्टच्या भाषेत एसजीए, हे केवळ मापाचे वर्णन आहे. त्याच आठवड्याच्या शंभर गर्भांना वजनाच्या चढत्या क्रमाने उभे केले, तर पहिल्या दहांत, म्हणजे दहाव्या पर्सेंटाइलच्या रेषेखाली, जे येतील त्यांना हे नाव मिळते. शंभरच्या शंभर बाळे ठणठणीत असली तरी त्यांतली दहा या रेषेखाली येणारच, कारण रेषाच तशी आखलेली आहे. आणि या रेषेखालच्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळे आईवडिलांच्या चणीप्रमाणे लहान, पण निरोगी असतात. वाढ खुंटणे, म्हणजे एफजीआर किंवा डॉक्टरांच्या बोलण्यात अजूनही रुळलेले आययूजीआर, याचा अर्थ बाळ जेवढे वाढू शकले असते तेवढे ते वाढत नाही. बहुतेक वेळा त्याचे कारण वारेत असते, जिच्यातून प्राणवायू आणि पोषण पुरेसे पोहोचत नाही. म्हणूनच अठ्ठाविसाव्या आठवड्यात साठाव्या पर्सेंटाइलवर असलेले आणि छत्तिसाव्यात पंधराव्यावर घसरलेले बाळ दहाच्या रेषेच्या वर असूनही काळजीचे असू शकते, तर पहिल्यापासून सातव्या-आठव्या पर्सेंटाइलवर संथपणे चालत आलेले बाळ त्या रेषेखाली असूनही सुखरूप असू शकते. यांत 2.5 किलोपेक्षा कमी जन्मवजन ही तिसरी गोष्ट मिसळू नये. ती मर्यादा आठवड्यांचा विचारच करत नाही, त्यामुळे वेळेआधी जन्मलेले पण आपल्या आठवड्याच्या मानाने उत्तम वाढलेले बाळही तिच्याखाली येते.

आकडा खरा आहे का, हा प्रश्न त्याआधीचा आहे. सोनोग्राफीचे यंत्र बाळाला तोलत नाही. डोके, पोटाचा घेर आणि मांडीचे हाड मोजून ते सूत्राने वजनाचा अंदाज काढते. त्यात दहा ते पंधरा टक्क्यांची चूक होणे नित्याचे आहे. म्हणजे 2,200 ग्रॅम छापलेले बाळ प्रत्यक्षात 1,900 ग्रॅमचे असू शकते किंवा 2,500 ग्रॅमचेही. हॅडलॉकच्या गर्भवजनाच्या प्रचलित तक्त्यात छत्तिसाव्या आठवड्याचे दहावे पर्सेंटाइल सुमारे 2,300 ग्रॅमवर येते हे लक्षात घेतले, तर हे बाळ नक्की कोणत्या गटात आहे ते एका मापावरून सांगता येत नाही हे उघड आहे. याच कारणाने दोन वजनांची तुलना करायची असेल तर मध्ये निदान दोन, शक्यतो तीन आठवडे जाऊ द्यावे लागतात. आठवड्याभरात दुसऱ्या सेंटरवर जाऊन केलेली सोनोग्राफी वाढीबद्दल फारसे काही सांगत नाही, घरच्यांचा जीव मात्र टांगणीला लावते. आठवड्यांची मोजणीच चुकली असेल तर सगळेच गणित फसते. पाळी अनियमित असलेल्या स्त्रीच्या तारखेत दोन आठवड्यांची गल्लत असणे अशक्य नाही, आणि तेवढ्याने चांगले बाळ कागदावर खुजे होते. पहिल्या तीन महिन्यांत डोक्यापासून कुल्ल्यापर्यंतची लांबी मोजून ठरवलेली तारीख सर्वांत भरवशाची असते, म्हणून जुन्या फायलीतला तो पहिला रिपोर्ट शोधून काढावा.

तक्ता कोणता वापरावा यावर मात्र तज्ज्ञांतही एकमत नाही, आणि या वादाशी महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. इंटरग्रोथ-21 या प्रकल्पाने आठ देशांतल्या निरोगी, सुपोषित गर्भवतींच्या बाळांची वाढ मोजली. भारतातले केंद्र नागपूर होते, आणि 2014 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की आईची परिस्थिती चांगली असेल तर बाळाच्या हाडांची आणि डोक्याची वाढ देशोदेशी बरीचशी सारखी होते. उलट जागतिक आरोग्य संघटनेने दहा देशांत केलेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशादेशांत लक्षणीय फरक दिसला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत केलेला अभ्यास तर याहून जुना: तिथल्या पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो होते, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. शिवाय पुण्याची बाळे नुसती लहान नव्हती. त्यांचे स्नायू आणि पोटातले अवयव कमी होते, त्या मानाने चरबी टिकून होती. हे वाचल्यावर "आपल्याकडची बाळे लहानच असतात" हे नेहमीचे वाक्य दिलासा म्हणून वापरावे की नाही, असा प्रश्न पडतो. आई पाच फुटांच्या आतली आहे म्हणून बाळ लहान आहे हे खरे असेल, पण आई स्वतः तशी का राहिली, याचे उत्तर कधीकधी तिच्या आईच्या ताटात असते. तरीही एवढे मान्य करावे लागते की आजच्या या एका बाळंतपणाचा निर्णय त्या उत्तरावर होत नाही. तो वारेचे काम आज कसे चालले आहे यावर होतो.

ते काम डॉपलर तपासणीत, म्हणजे सोनोग्राफीने रक्तवाहिन्यांतला प्रवाह मोजून, दिसते. नाळेच्या रोहिणीतून बाळाचे रक्त वारेकडे जाते; वारेतल्या बारीक वाहिन्या निकामी होत गेल्या की तिथला विरोध वाढतो, आणि हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधला प्रवाह आधी क्षीण होतो, मग थांबतो आणि शेवटी उलटा वाहू लागतो. बाळही आपल्या परीने काटकसर करते: मेंदूकडच्या वाहिन्या रुंदावून रक्त तिकडे वळवते आणि मूत्रपिंडांचा वाटा कमी करते, त्यामुळे लघवी आणि तिच्याबरोबर गर्भजल कमी होते. रिपोर्टवरच्या "पाणी कमी आहे" या शेऱ्याचे मूळ अनेकदा इथे असते. वाढ खुंटण्याच्या, 32 आठवड्यांनंतर सुरू झालेल्या प्रकारात मात्र नाळेचा प्रवाह नॉर्मल दिसू शकतो आणि बिघाड फक्त मेंदूच्या रोहिणीत दिसतो, म्हणून नुसते "डॉपलर नॉर्मल" न ऐकता दोन्ही वाहिन्या पाहिल्या आहेत का, हे विचारणे गैर नाही. 2016 साली तज्ज्ञांच्या सहमतीने ठरलेल्या व्याख्येनुसार वजन किंवा पोटाचा घेर तिसऱ्या पर्सेंटाइलच्या खाली असेल तर इतर काही न पाहताही वाढ खुंटली असे मानले जाते. तीन ते दहाच्या मधल्या बाळाबाबत घसरलेला आलेख किंवा बिघडलेला रक्तप्रवाह अशी जोड लागते.

आता मूळ प्रश्न. अमेरिकन कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे साधारण अशी आहेत: तीन ते दहा पर्सेंटाइलचे, डॉपलर नॉर्मल असलेले आणि दुसरी काही तक्रार नसलेले बाळ 38 आठवडे पूर्ण ते 39 आठवडे या काळात जन्माला आणावे, तिसऱ्या पर्सेंटाइलखालचे बाळ किंवा नाळेचा प्रवाह क्षीण झालेले बाळ 37 आठवडे पूर्ण होताच, प्रवाह थांबला असेल तर 33 ते 34 आणि उलटा वाहत असेल तर 30 ते 32 आठवड्यांना. म्हणजे निरोगी पण लहान बाळालाही चाळिसाव्या आठवड्याच्या पुढे कोणी मुद्दाम थांबवत नाही, आणि छत्तिसाव्यात केवळ वजनाच्या आकड्यावरून कोणी घाईही करत नाही.

थांबण्याने नुकसान होते की घाईने, हे नेदरलँड्समध्ये 2004 ते 2008 या काळात झालेल्या आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या डिजिटॅट या चाचणीने थेट तपासले. वाढ खुंटल्याचा संशय असलेल्या, 36 आठवडे उलटलेल्या 650 गर्भवतींपैकी निम्म्यांना चिठ्ठी टाकल्यासारखे निवडून कळा सुरू करून दिल्या आणि उरलेल्यांवर नुसती बारीक नजर ठेवली. पहिल्या गटातली बाळे सरासरी दहा दिवस आधी जन्मली आणि 130 ग्रॅमने हलकी होती. बाळाला काही गंभीर त्रास होण्याचे प्रमाण पहिल्या गटात 5.3 टक्के, दुसऱ्यात 6.1 टक्के, म्हणजे जवळपास सारखेच, सिझेरियनही 14.0 आणि 13.7 टक्के. कळा सुरू केल्या म्हणजे सिझेरियन होणारच, ही आपल्याकडची पक्की समजूत निदान या गर्भवतींच्या बाबतीत खरी ठरली नाही. मात्र थांबलेल्या गटात जन्मताना तिसऱ्या पर्सेंटाइलखाली गेलेली बाळे बरीच जास्त निघाली: 31 टक्के, तर पहिल्या गटात साडेबारा टक्के. पोटात राहील तितके वाढेल, हा सल्ला इथे लंगडा पडतो. दुसऱ्या बाजूने, 38 आठवड्यांच्या आधी जन्मलेल्या बाळांना नवजात विभागात ठेवण्याची वेळ अधिक आली, आणि म्हणून इतर काही बिघाड नसेल तर त्या टप्प्यापर्यंत थांबावे असा अर्थ पुढे काढला गेला.

हे निष्कर्ष वाचताना एक गोष्ट निसटते. तिथे थांबणे म्हणजे घरी बसणे नव्हते; ठोक्यांचा आलेख, डॉपलर आणि आईचा रक्तदाब यांची पुन्हापुन्हा तपासणी होत होती. ज्या गरोदर बाईला तालुक्याच्या गावी यायलाच दोन तास लागतात, जिच्या जवळ डॉपलरची सोय आठवड्यातून एकदाच आहे, तिच्यासाठी 37 आणि 39 यांच्यामधले दोन आठवडे शहरातल्या बाईइतके सुरक्षित नसतात. अशा वेळी डॉक्टरांनी थोडे अलीकडचे टोक निवडले तर ती घाई म्हणू नये, असे माझे मत आहे. आईचा रक्तदाब वाढलेला असेल तर प्रश्न बाळाच्या वजनापुरता राहतच नाही. आणि बाळाची हालचाल कमी झाली असे वाटले, तर कालचा रिपोर्ट कितीही चांगला असला तरी त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखाना गाठावा.

कळा सुरू करण्याची पद्धतही दोन्ही बाळांना सारखी मानवत नाही. गर्भाशयाचे तोंड तयार नसेल तर आधी जेल, गोळी किंवा फुग्याची नळी वापरून ते मऊ करतात आणि मग सलाइनमधून कळा आणणारे ऑक्सिटोसिन देतात. यात एक-दोन दिवस सहज जाऊ शकतात, ते फसल्याचे लक्षण नव्हे. प्रत्येक कळेच्या वेळी वारेकडचा रक्तपुरवठा क्षणभर घटतो. निरोगी लहान बाळ ते सहन करते, पण आधीच काटकसरीवर जगणाऱ्या बाळाजवळ शिल्लक थोडी असते, म्हणून त्याच्या ठोक्यांवर सतत लक्ष हवे आणि कळा फार लागोपाठ येऊ देऊ नयेत. या कारणाने अनेक डॉक्टर औषधापेक्षा फुग्याच्या नळीला पसंती देतात. प्रवाह थांबला किंवा उलटला असेल तर बहुधा थेट सिझेरियनच होते, आणि 34 आठवड्यांच्या आत असेल तर फुप्फुसांसाठी आईला आधी स्टेरॉइडची इंजेक्शने देतात.

वाट पाहण्याच्या काळात बाळाचे वजन वाढवण्याचे उपाय मात्र निराशा करणारे आहेत. नुसते पलंगावर पडून राहिल्याने वाढ सुधारत असल्याचा पुरावा नाही. रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या सिल्डेनाफिल या औषधावर मोठी आशा होती, पण नेदरलँड्समधली त्याची चाचणी काही नवजात बाळांच्या मृत्यूंनंतर 2018 मध्ये थांबवावी लागली. करण्यासारखी एक गोष्ट आपल्याकडे हमखास विसरली जाते, ती मशेरी सोडण्याची: मुंबईतल्या 2004 च्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या गर्भवतींच्या बाळांचे वजन सरासरी 105 ग्रॅमने कमी आढळले होते. डॉक्टर सिगारेटबद्दल विचारतात, बाई नाही म्हणते, आणि मशेरीचा विषयच निघत नाही.

जन्मानंतर काट्यावर खरे वजन कळते, आणि संशयातली काही बाळे चांगली 2,700 ग्रॅमची निघतात. खरोखर लहान निघालेल्या बाळाला, ते कोणत्याही गटातले असो, ऊब, लवकर स्तनपान आणि पहिल्या दिवसांत रक्तातल्या साखरेची तपासणी लागते. प्रत्येकाला काचेच्या पेटीत ठेवावे लागते असे नाही. वाढ खुंटल्याचे नक्की असेल तर वार फेकून न देता पॅथॉलॉजी तपासणीला पाठवण्याची विनंती करावी. वारेचाच दोष निघाला, तर पुढच्या गरोदरपणात सोळा आठवड्यांच्या आत कमी मात्रेतली ॲस्पिरिन सुरू करावी का, हे डॉक्टरांना वेळेत ठरवता येते, आणि त्यासाठी तो कागद फायलीत असावा लागतो.