वॅकॉमचा जुना टॅब्लेट, जुना पॉवरबुक आणि मधला गोल पोर्ट

वॅकॉम टॅब्लेट म्हणजे संगणकाला जोडून पेनाने चित्र काढायची पाटी. नव्वदच्या दशकातल्या अशा टॅब्लेटमध्ये बिघडण्यासारखं फार थोडं असतं. पेनात बॅटरी नाही, पाटीत हलणारा एकही भाग नाही. झिजते ती पेनाची निब, म्हणजे टोक, आणि वरचं पारदर्शक आवरण ओरखड्यांनी धूसर होतं. तरीही असे शेकडो टॅब्लेट 'चालत नाहीत' म्हणून भंगारात जातात. त्यांना बोलायला संगणक उरलेला नसतो, एवढंच त्यांच्या न चालण्याचं कारण. हे कसं घडलं ते कळलं, की जुना टॅब्लेट जुन्या लॅपटॉपलाच का जोडावा हेही उलगडतं.

संगणकावर हाताने रेघ ओढायची धडपड वॅकॉमच्या बरीच आधीची. १९६४ साली अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनने दहा इंच बाय दहा इंचांची चित्रपाटी तयार केली. पाटीखाली तारांची बारीक जाळी होती आणि जाळीतले संकेत टिपणारा पेन वायरीने जोडलेला होता. किंमत होती सुमारे १८,००० डॉलर, म्हणजे ती प्रयोगशाळेबाहेर पडणं शक्यच नव्हतं. १९७९ मध्ये ॲपल टू संगणकासाठी ॲपलने ६५० डॉलरचा ग्राफिक्स टॅब्लेट विकायला काढला. तो समाग्राफिक्स या कंपनीने बनवला होता. त्याच्याही पेनाला वायर होतीच.

ही वायर वॅकॉमने काढून टाकली. कंपनी १९८३ मध्ये जपानच्या सायतामा प्रांतात सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिचा बिनवायरीचा टॅब्लेट आला. त्याची रीत अशी: पाटीतली तारांची वेटोळी क्षणभर चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात, पेनातली छोटी कॉइल आणि कपॅसिटर त्या कंपनाला प्रतिसाद देतात, मग पाटी स्वतः गप्प होऊन पेनाचा तो प्रतिसाद ऐकते. हे देणं-घेणं सेकंदाला हजारो वेळा चालतं. निब दाबली की पेनाची कंपनसंख्या किंचित सरकते, आणि त्यावरून दाब कळतो. पेनाला लागणारी ऊर्जा पाटीकडूनच मिळते, म्हणून तीस वर्षं खणात पडलेला पेन आजही पहिल्या स्पर्शाला जागा होतो. मला या यंत्रातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आता प्रश्न संगणकापर्यंतच्या वाटेचा. ॲपलच्या बाजूला ही वाट म्हणजे ॲपल डेस्कटॉप बस, म्हणजेच एडीबी. बस म्हणजे अनेक उपकरणांना संगणकाशी जोडणारी सामाईक तार. तिची रचना स्टीव्ह वॉझ्नियॅकची. १९८६ च्या सप्टेंबरमध्ये ॲपल टूजीएससोबत ती आली आणि १९८७ मध्ये मॅकिंटॉशवर पोचली. चार पिनांचा गोल पोर्ट, त्यात एक पिन डेटाची, एक संगणक सुरू करण्याची, एक पाच व्होल्टची आणि एक ग्राउंडची. एकाला एक जोडत कीबोर्ड, माउस, टॅब्लेट अशी माळ लावता येई. बसवरच्या प्रत्येक उपकरणाला पत्ता असतो: कीबोर्डला २, माउसला ३, आणि ४ हा पत्ता थेट जागा सांगणाऱ्या उपकरणांसाठी, म्हणजे टॅब्लेटसारख्यांसाठी. चित्रकाराची जागा या बसमध्ये पहिल्यापासून राखून ठेवलेली होती. संगणक साधारण दर ११ मिलिसेकंदांनी 'काही नवीन?' असं विचारतो. आजच्या मानाने हे संथ आहे, पण हाताच्या रेघेला पुरतं.

१९९१ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या पहिल्या पॉवरबुकांवरही, म्हणजे ॲपलच्या लॅपटॉपांवरही, हा पोर्ट होता. त्याच वर्षी फ्रॅक्टल डिझाइन कंपनीचं पेंटर हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर बाजारात आलं आणि दाबानुसार जाड-बारीक होणारा ब्रश पडद्यावर दिसू लागला. वॅकॉमचे आर्टपॅड आणि यूडी मालिकेतले टॅब्लेट याच काळातले. मॉडेल क्रमांकाचं शेवटचं अक्षर नीट बघावं: 'ए' म्हणजे एडीबी, 'आर' म्हणजे सीरियल, 'यू' म्हणजे यूएसबी. यूडी-०६०८-ए आणि यूडी-०६०८-आर दिसायला जवळपास सारखे, पण एकाची केबल मॅकमध्ये जाते आणि दुसऱ्याची पीसीच्या नऊ पिनांच्या पोर्टमध्ये. जुन्या मालाच्या बाजारात याच अक्षरावरून लोक फसतात.

मग वाट बंद झाली, आणि फार झपाट्याने. १९९८ च्या ऑगस्टमधल्या आयमॅकवर एडीबी नव्हताच, फक्त यूएसबी. त्याच वर्षीच्या पॉवरबुक जी३ वर, ज्याला वॉलस्ट्रीट म्हणतात, एडीबी आणि सीरियल दोन्ही होते. मे १९९९ च्या लॉम्बार्डवर दोन्ही गेले. वॅकॉमची पहिली इंट्यूओस मालिकाही १९९८ ची, म्हणून ती तिन्ही प्रकारच्या केबलींसह मिळते. पोर्ट गेला त्यापेक्षा मोठा घाव ड्रायव्हरचा, म्हणजे संगणकाला टॅब्लेटची भाषा समजावणाऱ्या प्रोग्रामचा होता. मॅक ओएस टेन ही ॲपलची नवी कार्यप्रणाली आल्यावर एडीबी टॅब्लेटांसाठी वॅकॉमचा ड्रायव्हर आला नाही. चांगल्या अवस्थेतली हजारो यंत्रं त्यामुळे मुकी झाली. दर्जाच्या वस्तूचं असं होणं मला आजही पटत नाही.

सीरियल टॅब्लेटांची गोष्ट थोडी बरी. सीरियल पोर्ट साधा, त्यावरून बाइट सरळ वाहतात, म्हणून बाहेरच्यांना त्यात हात घालता आला. मॅक ओएस टेनसाठी टॅब्लेटमॅजिक हा मुक्त ड्रायव्हर लिहिला गेला, तो सीरियल वॅकॉम चालवतो. २०१४ मध्ये लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या कर्नेलमध्येही, म्हणजे गाभ्यातही, वॅकॉमच्या चौथ्या प्रोटोकॉलच्या (संवादाच्या नियमांच्या) सीरियल टॅब्लेटांसाठी ड्रायव्हर दाखल झाला. वॅक्सबी नावाच्या प्रकल्पात टीन्सी या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डने एडीबी किंवा सीरियल टॅब्लेटला यूएसबीचं रूप देता येतं. आजचा संगणक त्याला वॅकॉमचा यूएसबी टॅब्लेट समजतो. पण त्यासाठी सोल्डरिंग हाताशी असावं लागतं.

म्हणून ज्याच्याकडे 'ए' अक्षराचा टॅब्लेट आहे, त्याने वॉलस्ट्रीट किंवा त्याआधीचा, एडीबी पोर्ट असलेला पॉवरबुक शोधावा. सिस्टिम ७ पासून ओएस ९ पर्यंतच्या आवृत्तीत त्या काळचा वॅकॉम ड्रायव्हर टाकला की दाबासकट सगळं चालतं, कुठलाही अडॅप्टर मधे लागत नाही. मूळ केबल खराब झाली असेल तर चार पिनांची एस-व्हिडिओ केबल चालते, कारण कनेक्टर तोच आहे. मात्र एडीबी चालू संगणकात काढण्या-घालण्यासाठी बनलेलीच नाही. तसं केल्यास मदरबोर्डवरची चिप जळू शकते, त्यामुळे आधी लॅपटॉप पूर्ण बंद करावा, मगच केबल लावावी. आणि पेन वेगळा विकत घेताना मालिका जुळवावी: इंट्यूओसचा पेन यूडीच्या पाटीवर काही लिहीत नाही, यूडीचा इंट्यूओसवर नाही.