पार्श्वभूमी : घड्याळ चुकलं की रस्ता चुकतो

२०१६ मध्ये इस्रोच्या आयआरएनएसएस-१ए या, भारताच्या स्वतःच्या रस्ता दाखवणाऱ्या यंत्रणेतल्या पहिल्या उपग्रहावरची रुबिडियमची अणुघड्याळं, म्हणजे अणूंच्या ठोक्यावर चालणारी अत्यंत अचूक घड्याळं, बंद पडली. तीन होती, तिन्ही गेली. उपग्रहाला बाकी काही झालं नव्हतं, पण रस्ता दाखवण्याच्या कामातून तो बाद झाला. ही घड्याळं स्वित्झर्लंडहून आणलेली होती. त्याच सुमारास युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांवरचीही काही घड्याळं बिघडली.

घड्याळावर एवढं काय अडलेलं असतं? आपल्याकडे सर्रास समज आहे की सॅटेलाइट वरून आपल्याला बघतं आणि आपण कुठे आहोत ते सांगतं. ते कुणालाही बघत नाही. ते सतत एवढंच ओरडत असतं, की मी अमुक, आत्ता अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत. फोन ते ऐकतो. अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. तिथला संदेश खाली पोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. या उशिराला प्रकाशाच्या वेगाने गुणलं की अंतर मिळतं. अशी तीन अंतरं मिळाली की हिशेब जुळायला हवा. पण फोनमधलं घड्याळ स्वस्तातलं असतं, म्हणून त्याची चूक शोधायला चौथा उपग्रह लागतो. वेळ एक मायक्रोसेकंद जरी चुकली, तरी अंतर ३०० मीटरने चुकतं.

या सगळ्याची सुरुवात मात्र उलट्या बाजूने झाली. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाने स्पुटनिक सोडला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम ग्वायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण शास्त्रज्ञ त्याचं 'बीप बीप' ऐकत बसले. स्टेशनात न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी आपल्याला ओलांडताना जशी उतरते, तसा हा सूरही उपग्रह डोक्यावरून जाताना उतरत होता. तेवढ्या उतारावरून, एका जागी बसून, त्यांनी स्पुटनिकची कक्षा काढली. पुढच्या वर्षी त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लूर यांनी त्यांना हाच प्रश्न फिरवून विचारला : उपग्रहाची कक्षा ठाऊक असेल, तर ऐकणारा कुठे आहे ते काढता येईल का? हा प्रश्न कुतूहलापोटी आलेला नव्हता. पोलारिस क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या पाणबुड्यांना समुद्रात आपला ठावठिकाणा हवा होता. त्यातून 'ट्रान्झिट' ही उपग्रहांवरून ठिकाण सांगणारी यंत्रणा उभी राहिली आणि १९६४ पासून नौदल ती वापरू लागलं. अडचण एकच, उपग्रह डोक्यावर येईपर्यंत वाट बघायची. पाणबुडीला ते चालतं, विमानाला नाही.

पुढची उडी घड्याळांमुळे साधली. नौदलाच्या प्रयोगशाळेतले रॉजर ईस्टन हे अचूक घड्याळंच अवकाशात पाठवण्याच्या मागे लागले होते. हवाई दलाची योजना वेगळी होती. १९७३ मध्ये कर्नल ब्रॅडफर्ड पार्किन्सन यांनी सुट्टीच्या दिवसांत पेंटागॉनमध्ये मंडळी जमवली आणि दोन्हींचं मिळून जीपीएस ठरलं.

मला सगळ्यात थक्क करणारा प्रसंग १९७७ चा वाटतो. एनटीएस-२ या चाचणी उपग्रहावर सीझियमचं अणुघड्याळ चढवलं होतं. आइनस्टाइनच्या सिद्धांतानुसार उंचावर गुरुत्व क्षीण, म्हणून ते दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जाणार. वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडणार. म्हणजे एकूण ३८ पुढे. काहींना हे पटत नव्हतं. म्हणून दुरुस्तीची सोय उपग्रहात ठेवली, पण सुरू केली नाही. सुमारे वीस दिवस नुसतं मोजलं. घड्याळ पुढे जात होतं, आणि आइनस्टाइनच्या आकड्याशी फरक जेमतेम एक टक्क्याचा होता. मग दुरुस्ती चालू केली. ती नसती तर एका दिवसात दहा किलोमीटरहून जास्त घोळ झाला असता. आज जेवणाचं पार्सल दारात येतं, त्यामागे हा हिशेब असतो.

जीपीएसचा पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये गेला. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकलेलं कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जीपीएस तयार झाल्यावर नागरी वापरासाठी खुली करण्याचं जाहीर केलं. खुली केली, पण मेख ठेवून : सामान्यांसाठीचा संदेश मुद्दाम बिघडवलेला असायचा, चूक शंभर मीटरपर्यंत जाई. मे २००० मध्ये तो खोडा काढला गेला.

कारगिलचं युद्ध १९९९ चं. म्हणजे खोडा चालू असतानाचं. त्या वेळी अमेरिकेने आपल्याला जीपीएसची माहिती नाकारली, ही कथा आपल्याकडे पुन्हा पुन्हा सांगितली जाते. ती बाजूला ठेवली तरी दुसऱ्याच्या हातातली कळ हा धोका उघड होता. २००६ मध्ये सरकारने स्वदेशी यंत्रणेला मंजुरी दिली. पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये गेला, सातवा एप्रिल २०१६ मध्ये, आणि यंत्रणेचं नाव 'नाविक' ठेवलं गेलं. भारत आणि सीमेपलीकडचा सुमारे १५०० किलोमीटरचा पट्टा एवढंच तिचं क्षेत्र. त्यामुळे सातांत भागलं.

भागलं, पण घड्याळं गेली. बदली उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये निघाला, तर रॉकेटचं उष्णतारोधक कवच उघडलंच नाही आणि तो आतच अडकला. पुढचा एप्रिल २०१८ मध्ये नीट पोचला. दरम्यान अहमदाबादच्या स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटरने स्वतःचं रुबिडियम घड्याळ तयार केलं, आणि मे २०२३ मध्ये ते नाविकच्या एनव्हीएस-०१ या नव्या उपग्रहावर चढलं. माझ्या मते रॉकेटच्या धुरापेक्षा ही बातमी मोठी होती. तिला तेवढी जागा मिळाली नाही. २९ जानेवारी २०२५ ला श्रीहरिकोट्याच्या शंभराव्या उड्डाणात एनव्हीएस-०२ गेला. या वेळी रॉकेटने काम चोख केलं, पण उपग्रहाच्या इंजिनाला ऑक्सिडायझर (इंधन जळायला लागणारा पदार्थ) पुरवणारी झडप उघडली नाही आणि तो ठरलेल्या कक्षेत पोचलाच नाही.