स्क्वायर की फेंडर? एकाच आकाराच्या दोन गिटारींमधला खरा फरक

इलेक्ट्रिक गिटार घ्यायची म्हणून शोधायला बसलं की अर्ध्या तासात एक प्रश्न पडतोच, आणि तो अगदी रास्त आहे. समोर दोन गिटारी आहेत, आकार तोच, दोन्हींवर स्ट्रॅटोकास्टर (फेंडर या अमेरिकन कंपनीचं मॉडेल, थोडक्यात स्ट्रॅट) लिहिलंय, दोन्हींना तीन पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबकाचे भाग) आणि पाच पोझिशनचा स्विच, आणि तरी एक दुसरीच्या जवळपास अर्ध्या किमतीला. त्यात स्वस्तवालीच्या हेडस्टॉकवर (खुंट्या असतात त्या वरच्या टोकावर) मोठ्या अक्षरात स्क्वायर आणि बऱ्याच मॉडेलवर शेजारी बारीक अक्षरात 'बाय फेंडर'. मग ही फेंडर धरायची की नाही?

कंपनी एकच आहे, गिटार मात्र वेगळी आहे. व्ही. सी. स्क्वायर ही मुळात तारा बनवणारी जुनी अमेरिकन कंपनी, आधी व्हायोलिनच्या आणि पुढे गिटारच्या. 1965 मध्ये फेंडरने ती विकत घेतली, ते नाव बरीच वर्षं नुसतं पडून होतं, आणि मग जपानी कंपन्या स्ट्रॅटच्या चांगल्या कॉप्या काढून कमी किमतीत विकायला लागल्या तेव्हा फेंडरने 1982 मध्ये जपानमध्येच स्क्वायर नावाने गिटारी काढायला सुरुवात केली. म्हणजे स्क्वायर ही कॉपी नाही, डुप्लिकेट तर नाहीच नाही, ती फेंडरनेच कमी बजेटसाठी काढलेली लाइन आहे.

आता गोंधळ नेमका कुठे होतो ते सांगतो, कारण माझ्या मते निम्म्या लोकांचे पैसे इथेच चुकीच्या जागी जातात. लोक 'स्क्वायर विरुद्ध फेंडर' अशी एकच तुलना करतात, जणू स्क्वायर म्हणजे एक गिटार आणि फेंडर म्हणजे एक गिटार. तसं नाहीये. स्क्वायरमध्येच खाली सॉनिक, मध्ये अ‍ॅफिनिटी, वर क्लासिक व्हाइब अशा पायऱ्या आहेत, आणि फेंडरमध्ये मेक्सिकोतल्या एन्सेनाडाच्या कारखान्यात बनणारी प्लेयर सिरीज आहे (2024 पासून प्लेयर II या नावाने) आणि तिच्या वर कॅलिफोर्नियातल्या कोरोनाच्या अमेरिकन गिटारी. कोणी सॉनिक वाजवून म्हणतो स्क्वायर बेकार, कोणी क्लासिक व्हाइब वाजवून म्हणतो फेंडर घेणारे वेडे आहेत, आणि दोघं एकमेकांशी तासभर भांडतात, पण बोलतायत वेगवेगळ्या गिटारींबद्दल. मध्यम बजेटवाल्याने बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त एक तुलना करायची, क्लासिक व्हाइब आणि प्लेयर. निर्णय या दोन पायऱ्यांमध्येच होतो.

सारखं काय आहे ते पटकन सांगून टाकतो. स्केल लेंथ म्हणजे तारेची वाजणारी लांबी दोन्हींची 648 मिमी, त्यामुळे तारांचा ताण आणि फ्रेटमधलं (धातूच्या आडव्या पट्ट्यांमधलं) अंतर तेच. नेक म्हणजे मान दोन्हींची स्क्रूने बसवलेली. फ्रेटबोर्डचा गोलावा दोन्हींचा साडेनऊ इंच. पिकअप दोन्हींत अल्निको मॅग्नेटचे, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण अ‍ॅफिनिटी आणि सॉनिकमध्ये सिरॅमिक मॅग्नेट असतात, त्यांचा आवाज थोडा कडक आणि टोकदार लागतो. डिस्टॉर्शनवर म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजावर सिरॅमिकही छान वाजतं, त्यात वाईट काही नाही, पण ज्याला स्ट्रॅटचा तो स्वच्छ घंटेसारखा आवाज हवाय त्याला क्लासिक व्हाइबपासूनच तो मिळायला लागतो. लाकडावर मी फार वेळ घालवणार नाही, इलेक्ट्रिकमध्ये या किमतीला लाकडाने वजन किती आणि दिसतं कसं एवढं मुख्यतः ठरतं.

फरक हाताला लागतो. क्लासिक व्हाइबची नेक पुढून मागून ग्लॉसी, जुन्या गिटारीसारखा पिवळसर रंग, दिसायला फार सुंदर, पण घाम आला की अंगठा मागे जरा चिकटतो. प्लेयरच्या नेकचा मागचा भाग सॅटिन फिनिशचा, तिथे हात सरकतो. क्लासिक व्हाइबचे फ्रेट अरुंद आणि उंच, प्लेयरचे मीडियम जम्बो म्हणजे रुंद, बेंड करताना, म्हणजे तार ओढून स्वर चढवताना, ज्याला जसं आवडेल तसं. क्लासिक व्हाइबला 21 फ्रेट, प्लेयरला 22, म्हणजे सगळ्यात बारीक तारेवर बेंड न करता सी शार्पपर्यंत जायचं की डीपर्यंत एवढाच तो फरक, पण ज्याच्या सोलोत तो डी येतो त्याला तो रोज जाणवेल. ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) क्लासिक व्हाइबवर जुन्या पद्धतीचा सहा स्क्रूचा आणि प्लेयरवर दोन खांबांवर टेकलेला, त्यामुळे व्हॅमी बार (स्वर हलवायचा दांडा) जास्त वापरणाऱ्याला प्लेयर सोपी जाते. आणि गंमतीची गोष्ट, नट (नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्याच्या खाचांतून जातात तो तुकडा) क्लासिक व्हाइबला हाडाचा असतो आणि महागड्या प्लेयरला सिंथेटिक, म्हणजे प्रत्येक पार्ट किमतीबरोबर चांगला होत जातो असंही नाही.

मग दुप्पट पैसे कशाचे? थोडे हार्डवेअरचे, थोडे कारखान्यातल्या मजुरीचे, आणि बरेचसे हेडस्टॉकवरच्या नावाचे. नावाचे पैसे फुकट जातात असं मी म्हणत नाही, विकायच्या वेळी फेंडरला गिऱ्हाईक लवकर मिळतं हे खरंच आहे. पण वाजवताना कानाला आणि बोटांना जो फरक वाटतो त्यातला मोठा भाग सेटअपचा, म्हणजे तारांची उंची, नेक, नट नीट जुळवण्याचा असतो, आणि हे मला फार उशिरा कळलं.

माझ्या एका जुन्या गिटारवर (कंपनी वेगळीच होती, नाव राहू दे) जी ची तार ट्यून करताना हेडस्टॉककडून 'टिक' असा आवाज यायचा. खुंटी फिरवतोय, ट्यूनरचा काटा हलत नाही, अजून थोडी फिरवली की टिक आणि स्वर एकदम पुढे उडी मारतो. दोन वर्षं मी खुंट्या खराब आहेत असं धरून चाललो होतो, नव्या घ्यायच्या म्हणून पैसेही बाजूला काढले होते. शेवटी एका रिपेअरवाल्याने तार उचलली, नटची खाच डोळ्याजवळ धरून बघितली, बारीक कानशीने चार-पाच वेळा घासली, खाचेत पेन्सिलचं शिसं फिरवलं आणि तार परत बसवली. टिक बंद. तार खाचेत अडकत होती, बाकी काहीच नव्हतं. त्या दिवशी त्याने ट्रस रॉडही (नेकच्या आतली, तिचा वाक जुळवायची सळई) थोडा फिरवला आणि तारांची उंची 17व्या फ्रेटवर साधारण 1.6 मिमीवर आणली, आणि तीच गिटार मला दुसऱ्या कोणाची असल्यासारखी वाटली. म्हणून दुकानात दोन्ही गिटारी शेजारी ठेवून तुलना करताय तेव्हा आधी बघा की दोघींवर तारा सारख्या जाडीच्या आहेत का आणि अ‍ॅक्शन म्हणजे तारांची उंची सारखी आहे का. एकीवर 9च्या (बारीक) तारा खाली बसवलेल्या आणि दुसरीवर 10च्या (थोड्या जाड) उंच, तर तुम्ही सेटअप तोलताय, गिटार नाही.

हातात घेतल्यावर अजून एक करा, नेकच्या कडेवरून तळहात वरपासून खालपर्यंत फिरवा. फ्रेटची टोकं बोचली तर कोरड्या हवेत लाकूड आकसलंय किंवा टोकं नीट घासलेली नाहीत. हे दुरुस्त होतं, पण तो खर्च धरून चाला. मग प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकेक वाजवा, कंटाळवाणं आहे तरी वाजवा, कुठे स्वर मेल्यासारखा लागतोय का ते कळतं. व्हॉल्यूम आणि टोनची बटणं फिरवून खरखर ऐका. एवढं केल्यावर चांगली निघालेली क्लासिक व्हाइब ही नुसतीच खोक्यातून काढलेल्या प्लेयरपेक्षा चांगली वाजू शकते, हे मी पूर्ण खात्रीने सांगतो.

माझं मत विचाराल तर पहिली चांगली गिटार घेणाऱ्याने, किंवा ज्याच्याकडे अजून धड अ‍ॅम्प नाही त्याने, क्लासिक व्हाइब घ्यावी, तिचा नीट सेटअप करून घ्यावा आणि उरलेले पैसे अ‍ॅम्पमध्ये घालावेत. इलेक्ट्रिकचा निम्मा आवाज अ‍ॅम्पचा असतो, भारी गिटार भंगार अ‍ॅम्पमध्ये लावली की भंगारच वाजते. पण अ‍ॅम्प आधीच आहे, स्टेजवर वाजवता, सॅटिन नेक हाताला बसलीये, आणि दहा वर्षं बदलायची नाही असं ठरलंय, तर प्लेयर घ्या आणि नंतर मागे वळून बघू नका. सेकंडहँड प्लेयर नव्या क्लासिक व्हाइबच्या आसपास मिळत असेल तर तीही जरूर बघा. यात सॉनिक-अ‍ॅफिनिटीला नावं ठेवायची नाहीत, शिकायला दोन्ही पुरतात, फक्त मध्यम बजेट असताना तिथे थांबू नका असं वाटतं.

सेकंडहँडमध्ये मात्र या सारखेपणाचा गैरफायदा घेणारे असतात. स्क्वायरच्या नेकवरचं नाव खरवडून फेंडरचा डिकॉल (नावाचं स्टिकर) चिकटवलेल्या गिटारी विकायला येतात, किंवा फेंडरची नेक आणि बॉडी भलतीच. त्यामुळे सिरीयल नंबर बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मेक्सिकोच्या प्लेयरचा नंबर एमएक्स अक्षरांनी सुरू होतो आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे असतात, प्लेयर सिरीज 2018 ला आली, म्हणजे प्लेयर म्हणून विकताना एमएक्स15 दिसलं तर तिथेच प्रश्न विचारा. इंडोनेशियात बनलेल्या बऱ्याच स्क्वायरवर आयसीएस असं असतं. विकणारा हो म्हणत असेल तर तारा सैल करून चार स्क्रू काढा आणि नेकच्या बुडावरचे शिक्के आणि बॉडीतल्या खाचेतले शिक्के बघा. नाही म्हणाला तर फोटो मागा.

असाच गोंधळ एपिफोन आणि गिब्सन या कंपन्यांच्या लेस पॉल मॉडेलबद्दल होतो. एपिफोन ही एके काळची गिब्सनची स्पर्धक, 1957 मध्ये गिब्सनच्या मालकांनी ती विकत घेतली, आणि आज तिची जागा साधारण स्क्वायरसारखी आहे. फरक इतकाच की तिथे मेक्सिकोसारखी मधली पायरी नाही, एपिफोनवरून थेट अमेरिकेत बनलेल्या गिब्सनवर जावं लागतं आणि ती उडी खूप मोठी आहे, त्यामुळे मध्यम बजेटमध्ये लेस पॉल हवी असेल तर वरच्या दर्जाची एपिफोन घ्या आणि तिचाही आधी नट तपासा, कारण त्या हेडस्टॉकवर मधल्या दोन तारा नटपासून बाहेरच्या बाजूला तिरप्या जातात आणि जी ची तार तिथे हमखास अडकते.