'सोळाची टाकून द्या': गेमिंग रॅमची पार्श्वभूमी

कापसाचा पहिला वेचा विकला गेला की आमच्या दर्यापूर तालुक्यात माझ्यासारख्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे एक ठरलेलं गिऱ्हाईक येतं. वय सतरा ते बावीस. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये धरलेला कॅबिनेट (त्याला इकडे सगळे 'सीपीयू'च म्हणतात) आणि तोंडात एकच वाक्य: "काका, सोळाची टाकून द्या बरं, गेम लय अटकते." २०२५च्या दिवाळीनंतर भाव सांगितला की पुढचं वाक्यही ठरून गेलं: "काऊन? पह्यले त मोबाइलवर निम्म्यात दिसे!"

पोट्टा खोटं बोलत नाही. निम्म्यातच दिसत होती. 'सोळाची' म्हणजे १६ जीबीची रॅम. तिचा भाव का चढला आणि ती नेमकी कोणती घ्यायची, या दोन्ही प्रश्नांची मुळं मात्र बरीच मागे जातात.

रॅम म्हणजे कॉम्प्युटरची चालू कामापुरती मेमरी. तिची मूळ युक्ती आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर, एवढ्यात एक बिट साठवायचा. १९६८ साली त्यांना या कल्पनेचं पेटंट मिळालं. कपॅसिटर म्हणजे पाझरणारा माठच म्हणा. भरलेला असला तर एक, रिकामा असला तर शून्य. पण तो सतत झिरपतो, म्हणून डीडीआर४ या पिढीपर्यंतच्या रॅममध्ये दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक माठ पुन्हा भरून घ्यावा लागतो. वीज गेली की सगळे कोरडे. लोडशेडिंगच्या दिवसांत सेव्ह न केलेल्या मिशनवर डोकं धरून बसलेल्या पोरांना हे पेटंट न वाचताच कळलेलं होतं.

१९७० साली इंटेलने ११०३ ही चिप विकायला काढली. तिच्यात १,०२४ बिट मावत. आजच्या १६ जीबीच्या एका स्टिकमध्ये (म्हणजे रॅमच्या पट्टीत) १३ हजार कोटींहून जास्त मावतात. गंमत म्हणजे ज्या इंटेलचं सुरुवातीचं नाव मेमरीवर झालं, तिनेच जपानी कंपन्यांच्या स्वस्त मालापुढे हात टेकून १९८५ साली हा धंदा सोडला आणि प्रोसेसरवर जोर दिला. पुढे जपानी कंपन्याही मागे पडल्या. आता जगातली बहुतेक रॅम तिघांच्या कारखान्यांतून येते: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. डब्यावर कोणाचंही नाव छापलेलं असो, आतली काळी चिप बहुधा या तिघांपैकीच एकाची.

विकणारे इतके थोडे असले की दूरच्या ठिणगीने इथला भाव पेटतो. १९९३ साली जपानमधल्या निइहामा इथे चिपांच्या आवरणाला लागणारी राळ बनवणारा कारखाना जळाला, भाव उसळला. १९९९ साली तैवानला भूकंप झाला, पुन्हा तेच. २०१३च्या सप्टेंबरात चीनमधल्या वूशी इथे हायनिक्सच्या कारखान्याला आग लागली आणि डीडीआर३ महागली. तेव्हा अकोल्याचा ठोक व्यापारी फोनवर म्हणाला होता, "भाऊ, आजचा भाव आजच." मला ते विकायचं तंत्र वाटलं. नव्हतं.

आमच्याकडे हे सगळं उशिराच पोचलं. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाली, पाठोपाठ एमएससीआयटीचे वर्ग तालुक्यातालुक्यांत निघाले आणि गावाकडच्या बहुतेक पोरांनी पहिला माउस तिथेच धरला. त्या वर्गांतल्या मशिनींत १२८ एमबीची एसडीरॅम असे, १६८ पिनांची, दोन खाचांची. २००३ साली पीसीवर आलेल्या व्हाइस सिटी या गेमला किमान १२८ एमबी लागायची. म्हणजे कागदावर काठोकाठ जमायचं. पण ऑनबोर्ड ग्राफिक्स (पडद्यावरचं चित्र काढणारा, मदरबोर्डावरचाच भाग) त्याच रॅममधून आपला वाटा उचलून घेई, उरलेल्यात विंडोज आणि गेम एकमेकांच्या उरावर बसत. सर घरी गेल्यावर दोन मशिनी उघडून दोघांची रॅम एकीत लावायची, हे या भागातलं पहिलं 'अपग्रेड'. दुसरं मशीन रात्रभर उपाशी. सकाळी सर येण्याआधी स्टिक जागच्या जागी.

तो खेळ जमे, कारण वर्गातली सगळी मशिनं एकाच खेपेची होती. आज तो जमत नाही, आणि सोळाचा घोळ तिथूनच सुरू होतो. २००० नंतर डीडीआर आली: घड्याळाच्या एका ठोक्याला एकदाऐवजी दोनदा माल पोचवणारी. १८४ पिना, अडीच व्होल्ट. मग डीडीआर२, २४० पिना, १.८ व्होल्ट. २००७ साली डीडीआर३, पिना पुन्हा २४०च, पण व्होल्ट दीड आणि खाच दुसरीकडे. २०१४ साली डीडीआर४, २८८ पिना, १.२ व्होल्ट. डीडीआर५चं मानक २०२० साली ठरलं आणि पुढच्या वर्षाअखेर ती दुकानात आली. पिना त्याही २८८च, व्होल्ट १.१, खाच परत सरकलेली. खाच मुद्दाम सरकवतात. दीड व्होल्टची स्टिक १.२ व्होल्टच्या घरात कोणी चुकूनही घुसवू नये, म्हणून ती लोखंडी अडसरासारखी आहे. तरी माझ्याकडे एक बोर्ड आला होता ज्याचा स्लॉट अंगठ्याच्या जोराने फाकला होता. "बसतच नव्हती ना काका," एवढाच खुलासा.

म्हणून पोरगा 'सोळाची' म्हणतो तेव्हा मी आधी झाकण उघडतो. रॅम कोणती घ्यायची हे त्याचा बोर्ड जन्मला त्याच दिवशी ठरलेलं असतं.

आमच्याकडे येणारे बोर्ड तीन पिढ्यांचे. पहिले, शहरातल्या ऑफिसांनी भंगारात काढलेले, डीडीआर३वाले. त्यांतला एच ६१ चिपसेटचा बोर्ड तर संपता संपत नाही. दोन स्लॉट, जास्तीत जास्त १६ जीबी. अशा पीसीत सेकंड हँड ग्राफिक्स कार्ड घालून पोरं २०१५ साली पीसीवर आलेली जीटीए ५ खेळतात. तिला किमान ४ जीबी, बरी चालायला ८ जीबी सांगितलेली आहे. तिथे आठच्या पुढे पैसे घालण्यात मला राम दिसत नाही, प्रोसेसरच आधी धापा टाकतो. एक सावधगिरी: ऑनलाइन फार स्वस्तात मिळणाऱ्या काही डीडीआर३ स्टिक फक्त एएमडीच्या (इंटेलच्या स्पर्धक कंपनीच्या) बोर्डावर चालतात. तळाशी बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही असतं. इंटेलच्या बोर्डात घातली की पडदा काळा.

दुसरी पिढी डीडीआर४ची, आणि तिच्यातला खरा विदर्भी पीसी म्हणजे एएमडीच्या रायझनचा 'जी' प्रोसेसरवाला. २०१८ साली २२००जी आला, २०२१ साली ५६००जी. मधल्या काळात क्रिप्टोवाल्यांनी ग्राफिक्स कार्डांचे भाव आभाळाला नेले होते, तेव्हा प्रोसेसरच्या पोटातलंच ग्राफिक्स वापरणं हाच मार्ग उरला. पण त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमवरच जगतं. म्हणून तिथे सोळाची एक स्टिक घेणं म्हणजे चूक. आठ-आठच्या दोन घ्यायच्या, म्हणजे प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो आणि गेममधला फरक डोळ्यांना दिसतो. बोर्डाला चार स्लॉट असतील तर बहुतेकदा प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा. एकाने शेजारी-शेजारी दोन्ही लावल्या होत्या, वर्षभर एकाच वाटेवर चालत होता बिचारा.

तिसरी डीडीआर५ची. एएमडीच्या २०२२च्या एएम५ बोर्डांवर तीच चालते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीत मात्र दोन्ही तऱ्हेचे बोर्ड निघाले, त्यामुळे नुसतं "बाराव्या जनरेशनचा आहे" म्हणून फोनवर रॅम मागवू नये.

मेगाहर्ट्झवरून होणारी भांडणंही जुनीच. ३२००ची घेतली आणि सीपीयू-झेड या तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये १६०० दिसतंय, म्हणजे दुकानदाराने फसवलं, असा फोन महिन्यातून एकदा येतोच. ते दोनदा माल पोचवण्याचं गणित. १६००च्या ठोक्याला ३२०० खेपा. पण १२०० दिसत असेल, तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला छापील वेगाने चालवणारी सोय, चालू केलेली नाही. इंटेलने ही सोय २००७ साली डीडीआर३बरोबर आणली. आणि एच ४१० बोर्डावर आय५ १०४०० प्रोसेसर असेल तर रॅम २६६६च्या वर जाणारच नाही, जादा पैसे वाया. सीएलच्या (पहिला माल यायला किती ठोके लागतात त्या) आकड्यालाही फार भुलू नये. ३२००ची सीएल १६ आणि ६०००ची सीएल ३०, दोन्हींचा पहिला प्रतिसाद १० नॅनोसेकंदांचाच. जुन्या ४००च्या सीएल २ डीडीआरचाही तेवढाच होता. वीस वर्षांत माठांची संख्या वाढली, वाटा रुंद झाल्या, पहिला पेला हातात यायला मात्र तेवढाच वेळ.

आमच्या भागाची एक खास अडचण कुठल्याच मानकात नाही. जिनिंगजवळच्या घरांतल्या पीसीत कापसाचा तंतू स्लॉटमध्ये जाऊन बसतो. मशीन बीप-बीप करतं, घरचे म्हणतात रॅम गेली. मी स्टिक काढतो, सोनेरी पिनांवरून शाळेचं खोडरबर फिरवतो, स्लॉट ब्रशने झाडतो आणि परत लावतो. दहातली सहा-सात चालू होतात. त्याचे पन्नास रुपये घेताना मलाच ओशाळल्यासारखं होतं.

आता दिवाळीनंतरचा भाव. या वेळी ना आग लागली, ना भूकंप झाला. एआयच्या डेटा सेंटरांना प्रचंड मेमरी लागते, आणि त्यांच्या एचबीएम चिपा (एकावर एक रचलेली वेगवान मेमरी) करणारे तेच तिघे. जिथे नफा जास्त तिकडे कारखाने वळले. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने क्रुशियल या नावाने किरकोळ ग्राहकांना रॅम विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. मी वर्षानुवर्षं तीच हिरवी साधी पट्टी लावत आलो. डीडीआर५ तर चढलीच, पण डीडीआर४ही मागे राहिली नाही, तिचं उत्पादन कंपन्या आधीच आवरत आणत होत्या.

परवा अंजनगावचा पोरगा आला, ५६००जीवाला. आठची एक आधीच होती. नवी दुसरी घ्यायची तर त्याच्या बापाचा चेहरा पाहवत नव्हता. भंगारात आलेल्या ऑफिसच्या पीसीतली २६६६ची एक आठची ड्रॉवरमध्ये पडून होती, ती लावली. दोन्ही २६६६वर धावतात, पण दोन वाटांनी. अकोल्याचा व्यापारी सध्या फोनवर भाव सांगतच नाही. म्हणतो, गाडी निघाली की बोलू.