रताळे कशाने पोसते?

वेल रानभर पसरलेला, पाने हिरवीगार, आणि खणल्यावर मात्र हाती नुसत्या पेन्सिलीएवढ्या मुळ्या. रताळ्याचे मूळ घर अमेरिका खंडातले, त्याची लागवडही हजारो वर्षांची; पण वेल माजतो तेव्हा कंद का पोसत नाही, याचा छडा लावायला अलीकडचा काळ उजाडला.

सुरुवात मातीपासून झाली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी 1840 मध्ये खनिज अन्नद्रव्यांचा, म्हणजे पिके जमिनीतल्या खनिजांवर पोसतात असा सिद्धांत मांडला. 1861 पासून जर्मनीतल्या श्टासफुर्टच्या खाणींतून पालाश (पोटॅशियमचे क्षार) निघू लागला आणि तो खत म्हणून मुबलक मिळू लागला. पुढे रताळ्यावरच्या प्रयोगांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: नत्र (नायट्रोजन) गरजेपेक्षा जास्त झाले की वेल वाढतो, पालाश पुरेसा असला की कंद पोसतो. पालाश पानांतली साखर मुळांकडे वाहून न्यायला मदत करतो आणि तिचा स्टार्च करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) चालना देतो. बोरॉन हे अन्नद्रव्य लागते अगदी थोडे, पण ते कमी पडले तर कंदाच्या गरात तपकिरी डाग पडतात.

माझ्या मते खरे वळण आले ते मुळाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. जपानमध्ये संशोधक तोगारी यांनी 1950 मध्ये दाखवले की लागणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच कोवळ्या मुळाचे भवितव्य ठरते. आतला संवर्धी थर (नव्या पेशी तयार करणारा, कॅम्बियम) जोमाने वाढला आणि मधला भाग लाकडासारखा कडक झाला नाही, तरच ते मूळ फुगते. एकदा कडक झालेल्या मुळाचे मग रताळे होत नाही. त्यामुळे खत किती दिले याइतकेच ते केव्हा दिले यालाही महत्त्व आले. नंतरच्या, एका वाणाचा वेल दुसऱ्याच्या मुळावर जोडून केलेल्या कलमांच्या प्रयोगांनी आणखी एक समज हलवली: उत्पादन एकट्या पानांच्या हाती नसते, साखर ओढून घेण्याची मुळाची ताकदही मोजावी लागते.

मग गुणांची मोजणी सुरू झाली: वेलाची लांबी, फांद्या, वेलामागे कंद, एका कंदाचे वजन. त्यासाठी अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञ सुअल राइट यांची 1921 ची पथ-विश्लेषण पद्धत हाताशी होती. कोणता गुण उत्पादनावर थेट परिणाम करतो आणि कोणता दुसऱ्याच्या आडून, हे तिने वेगळे करता येते. कंदांची संख्या आणि वजन यांचा परिणाम थेट. लांब वेलाचा तसा भरवसा नाही.

काही वाणांच्या अंगात हवेतले नत्र स्थिर करणारे, म्हणजे ते वनस्पतीला वापरता येईल अशा रूपात आणणारे जिवाणू सापडल्यापासून हा हिशोब अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. तेव्हा नुसत्या माती-परीक्षणावरून नत्राची मात्रा ठरवणे मला अपुरे वाटते. वाण कोणता, हेही सोबत पाहायलाच हवे.