कोंबडीला ढोलावर काय म्हणतात?

परवा टीव्हीवर आफ्रिकेतला एक जुना जंगलपट लागला होता. गोरा नायक तंबूत, बाहेर काळोख आणि लांबून ढोल घुमायला लागले. आता भाले घेऊन कुणीतरी येणार, हे आपल्याला लहानपणापासून पाठ! शेजारी बसलेला भाचा म्हणाला, ‘‘मामा, हे त्यांचं मोर्स कोड ना?’’ भाल्यांपेक्षा बरं, पण तेही चूकच.

मोर्सच्या कट्ट-कडकट्टमागे अक्षरं असतात. ढोलामागे अक्षरं नसतात, बोलणंच असतं. तोंड मिटून ‘हो’ म्हणून पाहा. तसंच ‘नाही’ म्हणा, मग ‘काय?’. ओठ हलले नाहीत, तरी घरातल्या कुणालाही तिन्ही कळतील, कारण सुराचा चढउतार तेवढा शिल्लक राहिला. मराठीची मजल इथपर्यंतच. आफ्रिकेतल्या शेकडो भाषांत मात्र सूर हा शब्दाचाच भाग असतो. नायजेरियातल्या योरुबा भाषेत ‘ऑकॉ’ म्हणजे नवरा, कुदळ, होडी किंवा भाला. कोणता ते सूर ठरवतो. काँगो नदीकाठच्या केले भाषेत ‘आलांबाका बोइली’ म्हणताना सूर चुकला, तर ‘त्याने नदीकाठावर लक्ष ठेवलं’चं ‘त्याने सासूला उकळलं’ होतं! (सगळी आफ्रिका अशी नाही. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीत सुराने शब्द बदलत नाही.)

केले लोकांचा ढोल म्हणजे पोखरलेला ओंडका, कातडं नाहीच. वर लांबट चीर, तिच्या दोन्ही कडा कमीजास्त जाडीच्या. एका कडेवर टोला दिला की उंच सूर, दुसरीवर खालचा. बोलण्यातले सूर तेवढे ओंडक्यावर वाजवायचे, स्वर-व्यंजनं गाळून.

पण मग घोटाळा होतो. ‘सांगो’ म्हणजे बाप, ‘सोंगे’ म्हणजे चंद्र, ‘कोको’ म्हणजे कोंबडी. तिन्ही शब्द उंच-उंच. ढोलावर तिन्ही अगदी सारखे! दोन अक्षरी शब्दाचे सुरांचे साचे २ × २ म्हणजे ४च, आणि शब्द ढीगभर. यावरचा तोडगा मला फार आवडतो. ढोलावर नुसतं ‘कोको’ म्हणतच नाहीत. म्हणतात ‘कोको ओलोंगो ला बोकिओकिओ’, म्हणजे किओ-किओ करणारी ती चिमुकली कोंबडी. चंद्र होतो ‘सोंगे ली तांगे ला मांगा’, जमिनीकडे खाली पाहणारा. अक्षरं मोजा. चंद्राची ८, म्हणजे २⁸ = २५६ साचे शक्य. कोंबडीची ११, म्हणजे २०४८. त्यातले थोडेच वापरायचे, बाकीचे रिकामे सोडायचे. एखादा टोला वाऱ्यात हरवला, तरी ऐकू आलेला साचा कोंबडीच्याच जवळचा असतो, दुसरं जवळपास कुणी नसतंच. माहितीशास्त्रात याला अतिरिक्तता म्हणतात. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅननने १९४८ साली तिचं गणित मांडलं. आपणही फोनवर नाव सांगताना ‘ग गणपतीतला’ म्हणतोच की. ‘गणपती’ ही माहिती फुकटची, पण तिच्यामुळेच ‘ग’चा ‘घ’ होत नाही.

म्हणून ढोलावर ‘घाबरू नकोस’ असं दोन शब्दांत भागत नाही. तोंडात आलेलं काळीज परत खाली ने, असं सांगावं लागतं. परक्याला हा पाल्हाळ वाटतो, भाबडं काव्य वाटतं. रात्रीच्या शांततेत आठ-दहा किलोमीटर जाणारा आणि पुढच्या गावाने उचलून पुढे धाडलेला निरोप त्या पाल्हाळामुळेच शाबूत पोचत असे. मोर्सची तार वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पोचली ती १८४४ साली. रेल्वे येईपर्यंत युरोपातलं साधं टपाल घोड्याच्या वेगाने जात होतं.

अलीकडे या ढोलांच्या ‘आदिम स्पंदनांनी’ चक्रं जागी होतात असे व्हॉट्सॲप संदेश फिरतात. ज्या ढोलावर कोंबडीसाठी अकरा टोले मोजून ठेवले आहेत, त्याला स्पंदनं म्हणणं हा त्या वादकाचा अपमान आहे.

हे बारकावे इंग्रज मिशनरी जॉन कॅरिंग्टन यांनी काँगोतल्या याकुसूला राहून टिपले. त्यांचं पुस्तक १९४९ साली आलं. गावात प्रत्येकाचं ढोलावरचं नाव असे, तसं त्यांनाही मिळालं होतं: रानातला गोरा आत्मा. ते जंगलात भटकायला गेले की जेवायच्या वेळी त्यांच्या बायकोचा निरोप ढोलावरून जायचा. रानातल्या गोऱ्या आत्म्या, ये ये, उंचावरच्या घरी ये, बाई कंद शिजवून वाट पाहतेय.