खाडी कुठे पाडायची?

परवा खाडी ओलांडून दाभोळहून धोपाव्याला जाताना जंगलजेटीत, म्हणजे फेरीबोटीत, एक इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी भेटली. मोबाइलवरची बातमी दाखवत म्हणाली, "काका, आता एआयला सांगितलं की चिप तयार!" असल्या मथळ्यांचा मला राग येतो. खरी कारागिरी त्यांच्यामुळे झाकून जाते.

चिपचं काम काय, ते आधी व्हेरिलॉगसारख्या भाषेत लिहितात. त्यातून गेटांचं, म्हणजे साधी तार्किक क्रिया करणाऱ्या छोट्या घटकांचं, जाळं तयार करणं म्हणजे सिंथेसिस. लाखो गेटांचं डिझाइन सॉफ्टवेअरला एकदम दिलं तर तासन्‌तास जातात, आणि एक ओळ बदलली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आधी डिझाइनच्या भागांची गटांत वाटणी करतात. पण नुसत्या 40 भागांचे निम्मे-निम्मे दोन गट करायचे म्हटले तरी 6,892 कोटींहून जास्त प्रकार होतात.

दोन गटांच्या मधे खाडी आहे असं समजा. खाडी ओलांडणारी प्रत्येक तार महाग पडते. गट वेगवेगळ्या चिपांवर बसवायचे असतील, तर तारा बाहेर काढायच्या पिनाही मोजक्याच असतात.

1970 साली बेल लॅब्सच्या ब्रायन कर्निघन आणि शेन लिन यांनी यावर सुंदर युक्ती मांडली. सुरुवातीला वाटणी कशीही करा. मग दोन्ही तीरांवरच्या एकेका बिऱ्हाडाची, म्हणजे भागाची, अदलाबदल करून बघा. त्यांच्यातल्या तारा म्हणजे नाती. दाभोळच्या बिऱ्हाडाची पलीकडे 3 नाती, अलीकडे 1: फायदा 2. धोपाव्याच्या बिऱ्हाडाची पलीकडे 2, घराजवळ 1: फायदा 1. एकूण 3? नाही. त्यातलं एक नातं या दोघांचंच असेल, तर अदलाबदलीनंतरही ते खाडी ओलांडणारच. आपण मात्र ते मिटलं असं दोनदा धरलं. म्हणून 2+1−2, म्हणजे फायदा 1.

खरी गंमत पुढे आहे. तोटा दिसला तरी थांबायचं नाही. हललेलं बिऱ्हाड पुन्हा हलवायचं नाही, बाकीच्या जोड्या बदलत राहायचं आणि शेवटी मागे वळून बघायचं: एकूण फायदा सर्वात जास्त कुठे होता? तिथपर्यंतचे बदल ठेवायचे, पुढचे रद्द. मग नव्या वाटणीवर पुन्हा तेच, फायदा संपेपर्यंत. मधला तोटा सोसल्यामुळे कितीतरी चांगली वाटणी हाती लागते.

1982 साली फिडुचिया आणि मॅथेसिस यांनी जोडीऐवजी एकेक भाग हलवला. वजनाप्रमाणे हापूस वेगवेगळ्या पेट्यांत लावावा, तसे त्यांनी भाग फायद्याप्रमाणे कप्प्यांत लावले. त्यामुळे सर्वात फायद्याचा भाग शोधत बसावं लागत नाही.

प्रत्येक गटाचं सिंथेसिस वेगळं केलं की खाडीपलीकडचं त्याला दिसत नाही, त्यामुळे दोन तीरांवरचं लॉजिक एकत्र करून आटोपशीर करता येत नाही. म्हणून जाणता डिझायनर खाडी रजिस्टरापाशी, म्हणजे सिग्नल धरून ठेवणाऱ्या घटकापाशी, पाडतो. तिथे सिग्नल तसाही क्लॉकच्या पुढच्या ठोक्याची वाट बघत थांबलेला असतो.